जोडबिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे आणि माझ्या अंगावर एक चिंबोरी कोरलेली आहे. चिंबोरी म्हणजे खेकडा. तिची डावी नांगी छिन्नीनं कापलेली आहे. लहान मुलं मला हातात घेतात, तेव्हा पहिल्यांदा त्या नांगीवरच बोट फिरवतात आणि विचारतात, "ही अशी का?" मोठी माणसं विचारत नाहीत. खारदांड्यातल्या मोठ्या माणसांना ते ठाऊक असतं आणि ती दुसरीकडे बघतात. म्हणून मित्रांनो, मी ही गोष्ट तुम्हालाच सांगायची ठरवली आहे.

माझा जन्म वांद्र्याच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. साल एकोणीसशे बासष्ट. खारदांड्याच्या वाटेवर एका शेठची बर्फाची वखार होती. वखारीत बर्फाच्या लाद्या मिळायच्या, पिंपातलं डिझेल मिळायचं, जाळ्याचं सूत आणि दोरखंडही मिळायचे, आणि सगळं उधारीवर. गाव कोळ्यांचं. सही करणारे थोडे, अंगठा उठवणारे फार. मग शेठनं शक्कल काढली. प्रत्येक घराला एक बिल्ला आणि प्रत्येक बिल्ल्यावर वेगळं चित्र. कुणाला नांगर, कुणाला तारा, कुणाला पापलेट. बिल्ला दाखवायचा, माल उचलायचा आणि पंधरवड्याला पैसे चुकते करायचे. बिल्ला कुणाच्या हातात आहे हे वखारीत कुणी बघत नसे. चित्र कुठलं आहे एवढंच बघत.

बिल्ले वाटले त्या दिवशी बायकांची झुंबड उडाली होती. सगळ्यांना पापलेट हवं होतं, कारण ते दिसायला देखणं. मी आपला टोपलीच्या तळाशी पडून होतो. खेकडा कोण घेणार? तेवढ्यात एका काळ्यासावळ्या, ठेंगण्या बाईनं हात घालून मला बाहेर काढलं. ती पुतळाबाई. नवरा कावीळ होऊन गेलेला, पदरात सहा वर्षांची मुलगी जया, आणि डोक्यावर मासळीची पाटी.

"मना ही चिंबोरी दे," ती म्हणाली. "चिंबोरी एकदा धरली का सोडत नाय."

आमच्या दांड्याच्या बोलीत 'मला'चं 'मना' होतं, 'ळ'चा 'ल' होतो आणि होडीची 'होरी' होते, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे अडखळायला नको.

त्या दिवसापासून मी पुतळाबाईच्या कनवटीला राहू लागलो. ती पहाटे किनाऱ्यावर लिलावात मासळी घ्यायची, वखारीतून माझ्यावर बर्फ उचलायची आणि पाटी घेऊन अंधेरीच्या बाजाराला जायची. तिथं तिला बसायला जागा नव्हती. बाजाराच्या भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला, गोणपाट टाकून ती बसायची. आतल्या ओट्यांवर बसणाऱ्या बायका येता-जाता नाक मुरडायच्या. उन्हात बर्फ भराभर विरघळायचा आणि दुपार व्हायच्या आत मासळी मिळेल त्या भावात फुंकून टाकावी लागायची.

पण पुतळाबाईनं कधी पंधरवडा चुकवला नाही. एखाद्या वेळी घरात फक्त पेज शिजली असेल, पण वखारीचे पैसे वखारीत पोचले. वखारीच्या खिडकीत नंदकिशोर नावाचा कारकून बसायचा. लांबून मला बघितलं की तो आत ओरडायचा, "चिंबोरी आली! लादी उतरव!" बाकीच्यांना तो जुनी बाकी विचारायचा, तिला कधीच नाही. मित्रांनो, मला तेव्हा भलताच अभिमान चढला होता. नोटेवर निदान आकडा तरी लिहिलेला असतो. माझ्यावर आकडाही नव्हता, आणि तरी माझ्यावर पाहिजे तेवढा माल मिळत होता.

चार वर्षांनी बाजारातला एक ओटा रिकामा झाला. ओट्याचा परवाना आपल्या नावावर करून घ्यायला रोकड लागणार होती. पुतळाबाईनं शेठकडे उचल मागितली. शेठनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि नंदकिशोरला म्हणाला, "चिंबोरी ना? दे." दोन मोसमांत तिनं ती उचल फेडली.

ओटा म्हणजे काय, तर काळ्या दगडाची एक फरशी. वर पत्रा, खाली पाणी वाहून जायला पन्हळ. पण पुतळाबाई पहिल्या दिवशी त्यावर बसली, तेव्हा तिनं फरशीला हळदकुंकू वाहिलं आणि जयाला मांडीवर ओढून सांगितलं, "हा तुजा हाय. मी हाय तवर मी बसन, मंग तू. तुना कोन उठवनार नाय."

शेजारच्या ओट्यावर सरूबाई बसायची. ती वयानं मोठी, तोंडानं फटकळ, पण मनानं निर्मळ. दोघींची गट्टी जमली. पुतळाबाई मासळी वाट्यावर विकायची. वजनकाटा तिच्याकडे नव्हताच. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा, पाच-सहा मांदेल्यांचा ढीग करायचा आणि भाव सांगायचा. पार्ल्या-अंधेरीच्या ऑफिसातल्या लोकांच्या बायका दहा ठिकाणी घासाघीस करून यायच्या आणि तिच्या ओट्यापाशी आल्या की गुमान पिशवी पुढे करायच्या. तिचा वाटा कधी कमी भरायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. जया मोठी झाली, शाळा सोडून तीही ओट्यावर बसू लागली. कोळंबी सोलण्यात तिचा हात असा चालायचा की सरूबाई आपलं गिऱ्हाईक सोडून बघत राहायची. ती वर्षं आमची चांगली गेली. त्या वर्षांबद्दल मी कितीही बोलू शकेन, पण चांगल्या दिवसांत सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही.

पुतळाबाईला एक धाकटा भाऊ होता, चंदर. आई लवकर गेली, म्हणून त्याला हिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. तो तिला 'बाय' म्हणायचा. चंदर वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असता तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती. तो हसरा होता, कष्टाळू होता, आणि उद्या सगळं ठीक होणार असं त्याला रोज सकाळी मनापासून वाटायचं. त्या दिवसांत शिडाच्या होड्यांना इंजिनं बसू लागली होती. चंदरनंही एका सावकाराकडून कर्ज काढून इंजिन बसवलं. दुसऱ्याच मोसमात ते इंजिन जळलं. कर्ज मात्र शाबूत राहिलं. ते फेडायला त्यानं दुसरं काढलं, दुसरं फेडायला तिसरं. वखारीतली त्याची बाकी थकली आणि एक दिवस नंदकिशोरनं त्याचा बिल्ला ऐरणीवर ठेवून छिन्नीचा घाव घातला. बिल्ला असा कापला की तो मेला. मग गावात कुणीही त्या घराला दोरीचा तुकडासुद्धा उधार देत नसे.

एकोणीसशे एकाहत्तरची नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी दर्याला नारळ वाहायचा आणि दुसऱ्या दिवसापासून होड्या पाण्यात लोटायच्या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंदर बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"बाय, होरी धुतली. रंग दिला. नारल आनला," तो म्हणाला. "पन बरफ कोन देल? डिझेल कोन देल? सगल्यांच्या होऱ्या उद्या परवा जातीन, न् माजी तेवरी वालूत बसल."

"मंग माज्या चिंबोरीवर ने एक डाव."

"एक डाव नेऊन काय व्हतं, बाय? रोज तुज्या मागं लागू काय बिल्ला दे म्हनून? तू अंधेरीला, मी दर्यात."

मग त्यानंच सांगितलं की वखारीत जोडबिल्ला मिळतो. एकाच चित्राचा दुसरा बिल्ला. घरातल्या माणसाला देता येतो. पुतळाबाईनं फार विचार केला नाही. भाऊ दारात उभा आहे आणि आत येत नाही, एवढंच तिला दिसत होतं.

नंदकिशोर चांगला माणूस होता. त्यानं तिला खिडकीतून आत बोलावून स्टुलावर बसवलं.

"मावशी, जोडबिल्ला काढतो मी, माझं काय जातंय? पण नीट ऐका हां. त्याच्यावर जे जाईल ते सगळं तुमच्या नावावर. चंदरकडे आम्ही मागायला जाणार नाही, तुमच्याकडे येणार. होडीचा हिशेब मोसम संपल्यावर होतो, म्हणजे तोवर तुम्हाला कळणारपण नाही किती झाले. आणि बंद करायचा असला तर दोन्ही बिल्ले एकदम इथं आणून द्यायचे. एक आणून चालणार नाही. शेठचा नियम आहे."

"माजा भाव हाय तो," पुतळाबाई म्हणाली. "माज्या हातानं भरवलाय त्याला."

"म्हणून तर सांगतोय ना मावशी," नंदकिशोर म्हणाला. पण तिनं अंगठा पुढे केला होता.

असा माझा जुळा जन्माला आला. तांबट तोच, ठसाही तोच. फक्त नऊ वर्षांत ठसा झिजला होता, म्हणून त्याच्या चिंबोरीचे पाय जरा पुसट उठले होते. मला तो बघताक्षणी आवडला. आम्ही एक रात्र एकाच खुंटीवर टांगलेलो होतो आणि मी त्याला सांगितलं, "आपलं काम सोपं आहे. घेतलेलं पंधरवड्याला परत करायचं." तो म्हणाला, "बरं." बिचाऱ्याला काय ठाऊक?

संध्याकाळी बातमी सरूबाईच्या कानावर गेली. ती तणतणत आली. "पुतला, भावाला भात दे, मासली दे, घरान ठेव. उद्या तो उपाशी मरंल तर मी पन देन. पन चिंबोरी नको देऊस गो! भात दिलास त भातच जातंय. चिंबोरी दिलीस त काय काय जाल, तुना कलनार पन नाय."

पुतळाबाई हसली आणि तिला गरम करंजी दिली.

आता मित्रांनो, जी चूक झाली ती इथं झाली. पौर्णिमेला पुतळाबाई भावाच्या होडीची पूजा करायला गेली. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. तिनं नाळेला कुंकू लावलं, फुलं वाहिली, आणि भावाच्या हातात द्यायचा तो बिल्ला लाल दोऱ्यात ओवून नाळेलाच खिळ्यानं ठोकला. वरून कुंकवाचं बोट लावलं. तिला वाटलं, भावाला द्यायचंच आहे तर दर्याच्या साक्षीनं द्यावं. चंदरचे डोळे भरून आले.

पण तिच्या माहेरची एक रीत होती. नाळेला जे वाहिलं ते मोसम संपेपर्यंत उतरवायचं नाही. ती लहान असताना तिच्या बापानं एकदा ऐन मोसमात नाळेवरचा सुकलेला हार काढून टाकला होता. त्याच आठवड्यात तिचा काका दर्यातून परत आला नाही. हार आणि काका यांचा संबंध असेल किंवा नसेल, मी पितळ आहे, मला काय कळणार? पण पुतळाबाईला तो किनारा, ती रडारड आणि तो वाळूत पडलेला हार सगळं आठवत होतं.

म्हणजे बघा, जोडबिल्ला आता अशा जागी जाऊन बसला होता की तिला तो परत घेताच येणार नव्हता.

वखारीच्या हातगाड्या किनाऱ्यावर यायच्या. गाडीवाला नाळेकडे बघायचा, चिंबोरी दिसली की बर्फ, डिझेल, दोर उतरवून पुढे जायचा. चंदर तिथं असला काय, नसला काय. सुरुवातीला सगळं झकास चाललं. चंदर आठवड्याला येऊन बहिणीला चार पैसे द्यायचा आणि ती ते वखारीत भरायची. मग आठवड्याचा पंधरवडा झाला. मग तो नुसताच यायचा, जेवायचा आणि जयाची थट्टा करून जायचा. मग यायचाही बंद झाला.

पुढचं मला माझ्या जुळ्यानं फार उशिरा सांगितलं. सावकार किनाऱ्यावर येऊन बसायचा. चंदरला रोख पैसे हवे असायचे, आणि रोख पैसे सोडून बाकी सगळं चिंबोरीवर मिळत होतं. मग तो चिंबोरीवर डिझेलची पिंपं उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या होडीवाल्यांना स्वस्तात विकायचा. मिळालेले पैसे सावकाराला द्यायचा. नवं सूत यायचं, तेही तसंच जायचं. सावकाराचं व्याज भागायचं, मुद्दल जागचं हलायचं नाही, आणि इकडे आमच्या नावावर पिंपांमागून पिंपं चढत होती. होडी कधी दर्यात जायची, कधी नाही. जुळा नाळेवर बसून हे सगळं बघत होता. त्याला तोंड नव्हतं, आणि असतं तरी तो कुणाला सांगणार होता?

शिमग्याच्या आधी नंदकिशोरनं नियम मोडला आणि पुतळाबाईला हळूच बाजूला घेऊन बाकीचा आकडा सांगितला. मी तिच्या कनवटीला होतो. मीही तो ऐकला. तो आकडा ओट्याच्या किमतीहून मोठा होता.

"वाट लागेल मावशी," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता जोड काढून आणा. दोन्ही माझ्या हातात द्या, मी आज बंद करतो. पुढचं पुढं बघू."

ती तिथून थेट किनाऱ्यावर गेली. हातात मासळी कापायचा कोयता होता. चंदरची होडी वाळूवर टेकलेली होती आणि तो जाळं आवरत होता. बहिणीला बघून तो उठला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती नाळेपाशी गेली आणि कोयत्याचं टोक खिळ्याखाली घातलं. सात महिन्यांनी मी माझ्या जुळ्यासमोर आलो होतो. खाऱ्या वाऱ्यानं तो हिरवा पडला होता, कुंकू मात्र अजून होतं. मी मनात म्हणत होतो, काढ, बाई. एक झटका दे आणि काढ. तुझा ओटा, जयाची जागा, सगळं त्या एका खिळ्यावर आहे.

चंदर म्हणाला, "काढतंस बाय? काढ. तुजा हाय. मी त उद्या पहाटे जानारच हाय दर्यात, बिल्ला असंल नसंल."

तो हे रागानं म्हणाला नाही. धमकी म्हणूनही नाही. साधं बोलून गेला. पण पुतळाबाईचा हात थांबला. मग तिनं कोयता काढून घेतला, पदरानं नाळेवरची वाळू पुसली आणि म्हणाली, "नीट ये."

त्यानंतर ती दोन्ही बिल्ले एकदम देण्यासाठी मोसम संपायची वाट बघत राहिली. मी एवढा हताश कधी झालो नव्हतो. तिला सगळं कळत होतं. न कळून फसणाऱ्या माणसाची कीव येते, पण कळून फसणाऱ्या माणसाकडे बघवत नाही.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या. पुतळाबाई पहाटेच किनाऱ्यावर गेली. नाळेला खिळा होता, बिल्ला नव्हता.

"दर्यानं नेला, बाय," चंदर मान खाली घालून म्हणाला. "लाटंनी."

ती मला एकट्याला घेऊन वखारीत गेली. नंदकिशोरनं डोक्याला हात लावला. शेठनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दर्यानं नेला की दुसऱ्या कुणी, मला काय ठाऊक? उद्या कुणी चिंबोरी घेऊन दारात उभा राहिला तर? दुसरा बिल्ला येईपर्यंत खातं बंद नाही. तोवर व्याज चालू."

पावसाळ्यात दर्या बंद होता, व्याज बंद नव्हतं. सावकारानं चंदरची होडी ओढून नेली. चंदर वर्सोव्याला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून लागला. शेठ मोठा हुशार, त्यानं पुतळाबाईवर आवाज कधी चढवला नाही. गणपती झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "ओटा तुमच्या नावावर आहे ना?"

ओटा घ्यायला दुसरी कुणी पुढे येण्याआधी सरूबाई पुढे आली. तिनं आपल्या सुनेसाठी तो घेतला आणि रास्त किंमत दिली. पैसे सरळ शेठकडे गेले. तरीही थोडी बाकी राहिलीच, आणि ज्याची बाकी राहते त्याचा बिल्ला कापायचा, हा वखारीचा रिवाज. नंदकिशोरनं मला ऐरणीवर ठेवलं.

"मावशी, डोळे मिटा," तो म्हणाला.

तिनं मिटले नाहीत. छिन्नीचा घाव बसला आणि माझ्या चिंबोरीची नांगी गेली. दहा वर्षं ज्या खिडकीतून "चिंबोरी आली!" असा पुकारा व्हायचा, त्याच खिडकीतून नंदकिशोरनं मला तिच्या हातात परत ठेवलं.

ओट्यावरची शेवटची पाटी उचलताना जया म्हणाली, "आये, मंग मी कुठं बसू?" सोळा वर्षांची पोर. तिनं हे भांडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. उत्तर सरूबाईनं दिलं. तिनं जयाला रोजावर कोळंबी सोलायला ठेवून घेतलं. जया आता त्याच फरशीवर बसते. त्या फरशीला तिच्या आईनं हळदकुंकू वाहिलं होतं. गिऱ्हाइकाचे पैसे ती सरूबाईच्या सुनेच्या हातात देते.

भाऊबीज आली. चंदर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो आला. गालफडं बसलेली, सदरा दुसऱ्याचा. पुतळाबाईनं पाट मांडला, त्याला बसवलं, टिळा लावला आणि ओवाळलं. ओवाळणी घालायची वेळ आली, तेव्हा त्यानं खिशात हात घातला. मग त्यानं तबकात काहीतरी ठेवलं आणि टण्णकन आवाज झाला.

तो माझा जुळा होता. अख्खा. दोन्ही नांग्या शाबूत, कडेला कुंकवाचा डाग.

मी खुंटीवर होतो. जया दारात होती.

"दर्यानं नाय नेला, बाय," चंदर म्हणाला. "मीच काढून ठेवला. त्याच्यावर कायच नाय घेतलं नंतर, आयची आन. नुसता ठेवला. दुनियेत कोनी माज्यावर इस्वास ठेवला असंल त तूच. ते दाखवायला माज्याकडं दुसरं काय व्हतं? तुजा हात लागलेला त्याला. देववत नव्हता."

मित्रांनो, त्यानं तो जूनमध्ये दिला असता, तर खातं त्याच दिवशी बंद झालं असतं. पावसाळाभराचं व्याज चढलं नसतं. कदाचित ओटा वाचला असता, कदाचित नसताही. पण कदाचितवर तरी माणूस जगू शकतो. हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण बिल्ले एकदम द्यायचा नियम पुतळाबाईला सांगितला होता, त्याला नाही. आणि तिनं तो त्याला कधी सांगितला नव्हता, कारण भावाला असल्या गोष्टी सांगून लाजवायचं नसतं, असं तिला वाटायचं.

पुतळाबाईनं तबक खाली ठेवलं. मग तिनं फक्त विचारलं, "आत्ता आनलास?"

तिनं त्याला जेवू घातलं. बोंबलाचं कालवण होतं. तो जेवून गेला, आणि त्यानंतर तो आला नाही.

आता पुतळाबाई पुन्हा बाजाराच्या भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला, गोणपाट टाकून बसते. ओली मासळी घ्यायला बर्फ लागतो आणि बिल्ला कापलेल्या घराला बर्फ कोण देणार? म्हणून ती सुकट आणि सोडे विकते. भिंतीबाहेर वाट्यानं कुणी घेत नाही. बाहेर बसणारीच्या डोळ्यांवर कोण भरवसा ठेवणार? गिऱ्हाईक म्हणतं, वजन करून दे. म्हणून तिनं एक जुना तराजू मिळवला आहे. त्याचं एक पारडं मुळातच जरा हलकं आहे. तराजू सारखा राहावा म्हणून हलक्या बाजूला काहीतरी बांधावं लागतं, त्याला पासंग म्हणतात. तिनं आम्हा दोघांना एका सुतळीत ओवून त्या पारड्याखाली बांधलं आहे. एकेकाळी आमच्यावर लाद्याच्या लाद्या उतरत होत्या. आता आम्ही पासंगाला तेवढे पुरतो.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एकच मागतो. आपल्या माणसाला भात द्या, मासळी द्या, अंगावरचा सदरा द्या. हातात असेल ते सगळं द्या आणि दिलं ते विसरून जा. पण आपलं नाव त्याच्या हातात देऊ नका, कारण ते गेलं की किती गेलं हे कळत नाही. आणि दिलंच असेल, तर निदान लाज बाजूला ठेवून एकमेकांशी बोला. हे सांगून काही होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. सरूबाईनं सांगितलंच होतं. भाऊ दारात उभा राहिला की माणसाला तेवढंच दिसतं.

रोज सकाळी पुतळाबाई रिकामा तराजू उचलून डोळ्यांसमोर धरते. माझी एक नांगी नाही, माझा जुळा अख्खा आहे, तरी आम्ही दोघं मिळून पारडं बरोबर धरतो. ती बघते आणि म्हणते, "बराबर हाय." मग तराजू खाली ठेवते आणि भिंतीच्या फटीतून आत बघते. तिथून जयाची फक्त पाठ दिसते.